दाराबाहेरची पुरचुंडी

काकींचा हात आधी पोराच्या मानेत जायचा, ओळखपाळख नंतर. पेणच्या एसटी स्टँडवर कुणी अनोळखी बाई मूल कडेवर घेऊन उभी दिसली, की काकी सरळ जवळ जाऊन दोन बोटं मुलाच्या गळ्यामागे आत सरकवायच्या, क्षणभर थांबायच्या आणि निकाल द्यायच्या. "उकडतंय गो याला. वरचा काढ." ती बाई आधी दचकायची, मग चिडायची, तोवर काकी पुढे निघून गेलेल्या असायच्या. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. दुसऱ्याच्या पोराला हात लावायला त्यांना परवानगी वगैरे लागत नाही. मला असल्या माणसांची मनस्वी चीड आहे. काकी तेवढ्या सोडून.

नाव मुद्दामच सांगत नाही. सांगितलं तरी रामवाडीतल्या आमच्या चाळीत ते कुणी ओळखणार नाही, कारण सगळ्या भाडेकरणी त्यांना काकीच म्हणायच्या. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी वाईकडची, लग्न होऊन पेणला आले. आमचे हे पेणलाच एका कचेरीत कारकून, आणि मला नोकरी लागली ती रोह्याच्या शाळेत. पहाटे साडेपाचची गाडी, गडब गाव मागे पडेपर्यंत खिडकीतून अंधारच दिसायचा. लेक दीड वर्षाची. ती दिवसभर काकींकडे राहणार, असं घरमालकीणबाईंनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

पहिल्या भेटीतच माझं नि काकींचं वाजलं. नोव्हेंबर होता. मी लेकीला आमच्या वाईच्या रिवाजाप्रमाणे नटवलेलं: आत बनियन, वर फ्रॉक, त्यावर दोन स्वेटर, मोजे, कानटोपी. काकींनी मानेत बोटं घातली आणि माझ्याशी एक शब्द न बोलता स्वेटरची बटणं सोडायला घेतली. मी म्हटलं, काकी, थंडी आहे. त्या म्हणाल्या, "थंडी भायेर हाय. आत पोर शिजतंय." माझं डोकंच फिरलं. शिकलीसवरली बाई मी, दहावीला शास्त्र शिकवते, आणि ही मिठागरात जन्म गेलेली म्हातारी मला उष्णता शिकवणार. तिने स्वेटर काढला की मी चढवायची, असं आठवडाभर चाललं.

पण लेक आजारी पडत होती, हे खरं होतं. दर पंधरा दिवसांनी छाती भरायची. डॉक्टर म्हणायचे, छाती नाजूक आहे, ऊब द्या. मी आणखी ऊब द्यायची. रात्री दोन रजया, वर घोंगडी, खिडकी बंद, आणि खाटेखाली शेगडीत निखारे. तरी पहाटे पोर खोकत उठायचं, आणि मी शाळेत कळवायचं की आज येत नाही. नोव्हेंबरपासून माझ्या इतक्या रजा झाल्या की मोठ्या बाईंनी मला खोलीत बोलावलं. बाई वाईट नव्हत्या. नेमणूक मार्चपर्यंतची आहे, पुढे कायम करायचं की नाही ते संस्था हजेरी बघून ठरवते, एवढंच त्यांनी सांगितलं. इकडे सासूबाईंचं पत्र आलं होतं. पोरीपेक्षा नोकरी मोठी आहे का, असं त्यात सरळ विचारलं होतं. ती नोकरी माझ्या माहेरच्या सगळ्या बायकांत पहिली होती. ती सुटली असती तर मी जन्मभर कुणालातरी दोष देत बसले असते, बहुधा लेकीलाच.

एका संध्याकाळी काकी घरात आल्या, बंद खिडकी बघितली, खाटेखाली वाकून शेगडी बघितली. आधी त्यांनी ती पदराने धरून बाहेर ओट्यावर नेऊन ठेवली. मग खिडकीची एक झडप उघडली. म्हणाल्या, निखारा बंद खोलीत माणसाचा श्वास खातो, मोठ्याला कळतं तरी, पोराला उठून सांगता येत नाही. मग त्यांनी लेकीच्या मानेत हात घातला आणि ती बोटं माझ्या गालाला लावली. ओली होती. घामाने.

"तुझी वाईची थंडी सांजेपासनं पडते," त्या म्हणाल्या. "इथली पहाटची हाय. सांजेला तू पोराला उकडवतेस, पोर घामेजतं, सगळं लाथेनं उडवतं, नि पहाटे खाडीचा वारा त्या घामावर बसतो."

शास्त्राच्या बाईला घामाचं बाष्पीभवन कुणी समजावून सांगावं, म्हणजे तोंडात मारल्यासारखंच की.

त्या रात्रीपासून लेक काकींच्या पद्धतीने झोपू लागली. पद्धत अशी: तव्यावर मूठ मूठ जाडं मीठ भाजायचं, जुन्या लुगड्याच्या दुहेरी फडक्यात त्याची पुरचुंडी बांधायची आणि ती रिकाम्या अंथरुणात फिरवायची. अंथरूण कोमट झालं की पुरचुंडी बाहेर. मग मनगटाची आतली बाजू टेकवून बघायचं आणि मगच पोर आत. अंगावर सुती लांब बाह्यांचं झबलं, पायांत मोजे, डोकं उघडं. एकच मऊ गोधडी, तीही छातीपर्यंत, तिच्या कडा गादीखाली घट्ट खोचलेल्या. दुसरी गोधडी घडी करून पायथ्याशी. ती पहाटे वर ओढायची. "आधी अंथरूण, मंग पोर," हे काकींचं वाक्य. दिवसातून दहादा तरी म्हणायच्या. अंथरूण तापवावं, पोर तापवू नये, ते आपलं आपण तापतं, असंही सांगायच्या.

हे सगळं त्या मिठागरावर शिकल्या होत्या. लग्न होऊन आल्या त्या थेट खाडीकाठच्या झोपडीत. दिवाळीनंतर आगर सुरू झालं की पावसापर्यंत तिथेच बिऱ्हाड. झावळ्यांच्या भिंती, चारी बाजूंनी वारा, आणि घरात भरपूर असं एकच, मीठ. तेव्हा मिठानेच पोर वाढवलं, असं त्या सांगायच्या, आणि सांगताना मान जरा ताठ व्हायची. गरिबीचं रडगाणं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

आता काशिनाथची गोष्ट. काशिनाथ म्हणजे काकींचा एकुलता एक मुलगा. तिशीचा, झुपकेदार मिशांचा, रोह्याजवळ धाटावला केमिकल कंपनीत ऑपरेटर. शिफ्ट संपवून कंपनीच्या बसने यायचा, हातपाय धुऊन चहा घ्यायला बसायचा, आणि बरोबर त्याच वेळी काकी चाळीतली कुठलीतरी नवी आई धरून आणायच्या. "काशा, पाय दाखव."

"आये, आत्ता आलोय गो मी."

"दाखव. बाईला बघू दे."

मग तो मिशीतल्या मिशीत पुटपुटत डाव्या पायाची पॅन्ट पोटरीपर्यंत गुंडाळायचा. तिथे रुपयाएवढा, गुळगुळीत, पांढुरका डाग होता. काकी त्यावर बोट ठेवून सांगायच्या की हा दीड वर्षाचा असताना एका रात्री मी पुरचुंडी अंथरुणातच विसरले, फडकं एकेरी होतं, त्याचा हा डाग. माझ्या हातून झालं. तुझ्या हातून नको. एवढं सांगून झालं की काशिनाथने पॅन्ट खाली करायची आणि गार झालेला चहा प्यायचा. मलाही तो डाग दाखवला गेला. मी आणि तो, दोघंही लाजेने कानकोंडे झालो होतो. पुढे तर त्याचा साखरपुडा ठरला तेव्हा होणाऱ्या सुनेच्या आईलाही काकींनी पाय दाखवायला लावला. नशीब, लग्न मोडलं नाही.

काकींचा आणखी एक हट्ट होता. अंथरुणातून काढलेली पुरचुंडी घरात ठेवायची नाही, दाराबाहेरच्या खिळ्याला टांगायची. ज्या ज्या घरात लहान मूल होतं, त्या घराच्या चौकटीला काकींनी स्वतः खिळा ठोकला होता. जेवणं झाली की त्या चाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक फेरी मारायच्या, दारादारांवरच्या पुरचुंड्या बघत. आमचे हे त्याला काकींची परेड म्हणायचे. मला वाटायचं, म्हातारीला आमच्यावर पाळत ठेवायची हौस आहे, दुसरं काय.

जानेवारी लागला तसा लेकीचा खोकला हटला. पहाटे मी उठायची, दुसरी गोधडी वर ओढायची, मानेत बोटं घालून बघायची आणि पिशवी उचलून निघायची. काकी तेव्हा अंगण झाडत असायच्या.

"घडी ओढलीस?"

"ओढली."

"मंग जा गो, गाडी जाईल."

एवढंच बोलणं. पण त्या बोलण्यावर मी रोह्यापर्यंत निर्धास्त जायची. तो अख्खा महिना माझी एकही रजा झाली नाही.

आणि मग मीच घात करत होते. फेब्रुवारीतली रात्र. हे गावाला गेलेले, वीज गेलेली, कंदिलाच्या उजेडात मी पूर्वपरीक्षेचे पेपर तपासत बसले होते. पुरचुंडी अंथरुणात टाकली होती. लेक मांडीवरच झोपून गेली, मी तिला उचलून आत ठेवलं, गोधडी खोचली आणि पुन्हा पेपर ओढले. दोन पेपर झाले असतील, दार वाजलं. उघडलं तर काकी.

"पुरचुंडी कुठाय गो?"

मी हातातला पेपर टाकला. मी धावले. काकी माझ्याही आधी पोचल्या, त्यांनी गोधडी उपसून उघड्या हाताने पुरचुंडी ओढून काढली. ती लेकीच्या पावलांपासून वीतभर लांब, भिंतीकडे सरकलेली होती. पोर दुसऱ्या कुशीवर वळलं होतं म्हणून वाचलं. काकींनी कंदील जवळ घेतला आणि दोन्ही पाय टाचेपासून गुडघ्यापर्यंत तपासले. एक लाल ठिपकासुद्धा नव्हता. मी रडायला लागले. आता ही बाई मला सोडत नाही, नोकरीपायी पोर भाजत होतीस म्हणणार, असं मी धरूनच चालले होते. म्हटलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला असता, खरंच सांगते.

काकी उंबऱ्यावर बसल्या. हातातली पुरचुंडी या हातातून त्या हातात करत राहिल्या.

"मी पण दमले होते त्या रातीला," त्या म्हणाल्या. "दिवसभर मीठ वढलं होतं. दमलेल्या बाईला आठवत नाय गो. म्हणून आठवणीवर ठेवायचं नाय, खिळ्यावर ठेवायचं. मंग दुसरी बघते."

आणि उठून त्यांनी पुरचुंडी बाहेर खिळ्याला लावली.

त्या रात्री मला काकींची परेड कळली. आपण सगळे आपल्या चुका पेटीच्या तळाशी घालून वर साड्या रचतो. मीही तेच करते. त्या बाईने आपली चूक चहाच्या वेळी, भर चाळीत, मुलाला पॅन्ट वर करायला लावून मांडली होती, पुन्हा पुन्हा, म्हणजे दुसऱ्या कुणाचं पोर भाजू नये. शास्त्र मी शिकवत होते, पण पडताळा त्या घेत होत्या. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की तो वाटायला माझं त्यांच्याशी नातं काय, असाही प्रश्न पडला नाही.

मार्च संपता संपता शाळेने मला कायम केलं. ऑर्डर घेऊन मी स्टँडवरून धावतच चाळीत आले, पेढे आधी काकींच्या हातावर ठेवले. त्यांनी कागद उलटासुलटा बघितला, मला परत दिला आणि कडेवरच्या लेकीच्या मानेत बोटं घातली. "बरी हाय," म्हणाल्या. ऑर्डरबद्दल म्हणाल्या की पोरीबद्दल, विचारायचं राहून गेलं.

पुढे आम्ही रोह्यालाच घर केलं. दशक सरत आलं तेव्हा, अशाच थंडीत, काकी गेल्या. चालत्याबोलत्या गेल्या, आदल्या रात्री परेडसुद्धा झाली होती. मी तेराव्याला पेणला गेले, लेकीला घेऊन. ती आता आठ वर्षांची, छातीची एकही तक्रार नसलेली. चाळीत निम्मे भाडेकरू नवे होते, पण चौकटीचे खिळे जागेवर होते.

जेवणं उरकली, पाहुणे पांगले. शेवटची गाडी मिळावी म्हणून मी निघाले तर काशिनाथ दिसला. डोक्याचे केस काढलेले, मिशाही नाहीत, त्यामुळे पटकन ओळखूच आला नाही. हात मागे बांधून तो चाळीच्या त्या टोकाकडून येत होता, एकेक दार बघत. पुरचुंडी दिसली की पुढे. आमच्या जुन्या खोलीच्या दाराशी तो थांबला. खिळा रिकामा होता. त्याने कडी वाजवली. आतून एक कोवळी मुलगी बाहेर आली, कडेवर वर्षाचं मूल, कानटोपी, दोन स्वेटर. खोलीत नुकतीच आलेली असावी, कारण पुरचुंडी कुठे आहे या प्रश्नाचा तिला अर्थच लागेना. ती घाबरून या बोडक्या परक्या माणसाकडे बघत राहिली.

काशिनाथने दोन बोटं हळूच मुलाच्या मानेत घातली. मग डावा पाय पायरीवर ठेवला आणि कुणी न सांगता पॅन्ट पोटरीपर्यंत गुंडाळली.

"हा बघा वहिनी," तो म्हणाला. "माझ्या आयच्या हातचा हाय."