राब न भाजलेलं वर्ष

मी भोरमधून चार पानांचं साप्ताहिक काढत होतो तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नाही, असं गावातल्या अर्ध्या लोकांचं मत होतं. उरलेले अर्धे अंक वाचतच नसत. नळाला पाणी नाही, एसटी वेळेवर येत नाही, कचेरीत कागद हलत नाहीत, असले विषय सोडून मी दर आठवड्याला अणुबॉम्बवर लिहायचो. जपानातल्या दोन शहरांचं काय झालं ते मी एका इंग्रजी मासिकात वाचलं होतं आणि त्यानंतर मला दुसरं काही लिहिण्यासारखं वाटेचना. परदेशी वकिलातींना पत्रं पाठवली, एकाचंही उत्तर आलं नाही. चहाच्या हॉटेलात शिरलो की कुणीतरी विचारायचंच, काय संपादक, आज बॉम्ब कुठं पडला? मी तिथं हसायचो आणि घरी येऊन बायकोवर खेकसायचो.

चोपन्न सालच्या उन्हाळ्यात बातमी आली की दूर समुद्रात मोठ्या बॉम्बची चाचणी झाली, आणि मासे धरायला गेलेल्या एका नावेवर राख पडून त्यावरची माणसं आजारी पडली. आपल्या लोकांना हे समजेल असं कसं सांगावं, याचा मी दोन दिवस विचार केला. वेल्ह्याकडे भाताचं रोप टाकायच्या जागेवर उन्हाळ्यात शेण, पाला, डहाळ्या पसरून जाळतात. त्याला राब भाजणं म्हणतात. त्या आगीनं तण मरतं आणि राखेनं रोप जोमानं येतं. मी लिहिलं, आपली राबाची राख पीक देते, पण या बॉम्बची राख ज्या मातीत मिसळेल तिथं गवताचं पातंही उगवणार नाही, आणि ती वाऱ्याबरोबर कुठंही जाऊ शकते. लेख छापून आला तेव्हा मी स्वतःवर भलताच खूश होतो.

वेल्ह्याकडच्या, राजगडाखालच्या पाली गावाला माझा एकच अंक जायचा. तिथले शाळामास्तर तो मारुतीच्या देवळात मोठ्यानं वाचून दाखवत. आषाढात हे मास्तर भोरला आले, माझ्यासमोर बसले आणि बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत राहिले. शेवटी म्हणाले, तुमचा तो लेख ऐकून आमच्या एका म्हाताऱ्यानं यंदा राब भाजलाच नाही. रचलेल्या डहाळ्या तशाच पडून राहिल्या. बायकोनं, मुलानं परोपरीनं सांगितलं, पण त्यानं काडी लावू दिली नाही. रोप पिवळं पडलं, तणात कोंडलं, आणि लावणीला चार मुठीसुद्धा हाती आल्या नाहीत.

खोटं कशाला बोलू, ऐकताक्षणी मला आनंद झाला. इतक्या वर्षांत कुणीतरी माझं ऐकलं होतं. तो आनंद क्षणभरच टिकला, पण त्याची लाज मला अजून वाटते.

दुसऱ्या दिवशी नसरापूरपर्यंत एसटीनं गेलो आणि पुढं पायी. वाटेवर सगळीकडं लावण्या झालेल्या होत्या. म्हाताऱ्याच्या चारही खाचरांत नुसतं पाणी होतं. शेजाऱ्यांनी उरलंसुरलं रोप दिलं होतं, ते एका कोपऱ्यात लावलेलं दिसलं. घरचं भात होणार नाही म्हणून मुलगा पुण्याला हमालीला गेला होता.

मी कोण ते कळल्यावर म्हाताऱ्यानं घोंगडी अंथरली. मी शिव्या खायच्या तयारीनं आलो होतो, त्यानं गूळ आणि पाणी पुढं केलं. मी समजावू लागलो की बॉम्बची राख वेगळी, आपली राख चांगली. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"आपली राख चांगली, ह्ये मला बी ठावं हाय," तो म्हणाला. "पर ती दुसरी वाऱ्यावर येती म्हणून तुमीच लिवलं. आली तर डोळ्याला दिसंल का?"

मी नाही म्हणालो.

"मंग आपल्या राखंत ती पडलीया का न्हाई, वळखायचं कसं?"

हाच प्रश्न जगातल्या मोठ्या लोकांना पडावा म्हणून मी लेखांमागून लेख खरडले होते.

मग त्यानं विचारलं, ते बाम टाकणारे तुमचं वाचत्यात का? मी पुन्हा नाही म्हणालो. त्यानं मान हलवली. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, आणि मला तेच सहन होत नव्हतं. एखादा शहाणा माणूस असता तर त्यानं माझा अंक वाचून घडी घातली असती आणि आपलं काम केलं असतं. या माणसानं आपलं अख्खं वर्ष घालवलं, आणि त्यामुळं एक बॉम्बसुद्धा थांबला नव्हता.

मी उठलो तेव्हा त्याची बायको दारात आली.

"म्होरल्या साली भाजू का न्हाई, तेवढं सांगून जावा," ती म्हणाली. "तुमी सांगितल्याबिगर ह्ये काडी लावू द्यायचं न्हाईत."

"भाजा," मी म्हणालो.

"काय व्हायचं न्हाई ना? नक्की?"

"नक्की."

तिचा चेहरा सैल झाला. मी म्हाताऱ्याकडं पाहिलं. माझ्या लिहिण्यावर पुरता विश्वास ठेवणारा तो एकच माणूस मला आयुष्यात भेटला होता, आणि न दिसणाऱ्या राखेबद्दल मी ‘नक्की’ म्हणताच त्याचा तो विश्वास उडाला, हे मला कळलं.