कलशाखालची कडी

माझ्या मोटारसायकलला चेन नाही. इंजिनातून निघालेला दांडा थेट मागच्या चाकाच्या गिअरपेटीत जातो. वडवणीत हे मी इतक्या जणांना समजावलं आहे की आता माझाच माझ्यावर विश्वास बसेना. वडिलांना तर कधीच पटलं नाही. "चेनच न्हाई, मग घेतली कावून?" म्हणत चार वर्षं ते माझ्या मागं एकदाही बसले नाहीत.

यंदा काय मनात आलं कोण जाणे. दसऱ्याचं सोनं घेऊन गेवराईला आत्याकडं माझ्याच गाडीवर यायचं त्यांनी कबूल केलं. आनंदाच्या भरात मी शहाणपणा केला. उत्तम चालणारी गिअरपेटी आणखी उत्तम चालावी म्हणून खोलली. मोबाईलवर तीन व्हिडिओ पाहिले होते, म्हणजे जवळजवळ इंजिनिअरच. सगळे भाग धुऊन वर्तमानपत्रावर क्रमानं मांडले.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आईनं पाने, पक्कड आणि माझी दातेरी चक्रं उचलून पाटावर मांडली, हळदकुंकू वाहिलं. क्रम अर्थातच देवाला गेला. त्या दिवशी अवजाराला हात लावायचा नाही, हा एक नियम आमच्या घरात सगळे पाळतात.

दसऱ्याला सकाळी हळद पुसत पुसत जोडणी केली, तेल भरलं, बोल्ट आवळले. पाटावरच्या हत्यारांत गाडीचं काहीच उरलेलं दिसलं नाही. आमच्याकडं काम बरोबर झाल्याचा एवढा पुरावा पुरतो.

आठ-दहा किलोमीटरवर मागचं चाक पिठाच्या गिरणीसारखं ओरडायला लागलं. गाडी बाजूला घेतली, तर गिअरपेटीला हात लाववेना. तेवढ्यात आईचा फोन. पूजा उचलताना तिला कलशाखाली पातळ पोलादी कडी सापडली होती.

"कलश डुगडुगत व्हता म्हणून मीच ठिवलती. तुझी हाय का?"

माझीच होती. चक्रांचे दात एकमेकांपासून नेमक्या अंतरावर ठेवणारी. कलश मात्र अजिबात डुगडुगला नव्हता.

वडील शेजारी उभं राहून ऐकत होते. मी टोमण्याची वाट पाहिली. त्यांनी आत्याला फोन लावला.

"अक्का, पोराची गाडी लई भारी हाय. पंक्चर झालंय जरासं. आमी यष्टीनं येतो."

टोमणे सोसायची मला सवय आहे, याची नव्हती. मी उगाच बोल्ट तपासत बसलो.

"ऊठ," वडील म्हणाले. "पुढल्या साली बी हिच्यावरच जाऊ. खंडेनवमीला कलश तेवढा मी धरून बसतो."