कोचने नेलेली रिकामी खोकी

मंगळवारी आमच्या दुकानात कोच आला आणि त्याने रिकामी खोकी मागितली... मी समजायचं ते समजलो.

कोच म्हणजे इथल्या कॉलेजच्या फुटबॉल टीमचा हेड कोच. इथला अमेरिकन फुटबॉल म्हणजे बॉल हातात घेऊन पळायचं आणि एकमेकांना आडवं करायचं. प्लेनो शहरापासून दोन-अडीच तासांवर आमचं गाव, गावात एक कॉलेज आणि अरविंदकाकांचं गॅस स्टेशन, म्हणजे पेट्रोल पंप आणि त्याला लागून दुकान. मी तिथे काउंटरवर. नववी नापास आहे, आणि एका जागी बसवत नाही हा दुसरा प्रॉब्लेम.

जुन्या कोचला काढून हा नवा आणला तो डिसेंबरमध्ये. मीही त्याच महिन्यात इथे लागलो. तेव्हापासून काकांचा एकच जोक... "दोघं नवीन आहात. बघू आधी कोण पळतो."

म्हणायला जोक, पण नजर असते माझ्यावर. आधीची दोन पोरं न सांगता न्यू जर्सीला निघून गेली होती.

कोचवर तर अख्ख्या गावाची नजर. रोज सकाळी कॉफीला डेल नावाचा म्हातारा येतो आणि कोचच्या चुकांचा पाढा माझ्यापुढे वाचतो. टीम एक मॅच जिंकते, तीन हरते. पण डेलचा खरा राग वेगळाच... कोच अजून भाड्याच्या घरात राहतो! टीम हरली की चिडलेले लोक कोचच्या घरापुढे 'घर विकणे आहे'ची पाटी रोवून जातात, अशी इकडे पद्धत. आता भाड्याच्या घरापुढे कसली पाटी लावणार?

"भाड्याने राहणारा कोच म्हणजे गाडी चालू ठेवून दुकानात आलेलं गिऱ्हाईक," डेल म्हणतो. "एक पाय बाहेरच."

मला हे पटलं होतं. मलाही तो पहिल्यापासून खटकायचा. हरल्यावरसुद्धा हसून 'हाऊ आर यू' करायचा. हरलेला माणूस एवढा गोड बोलतो, म्हणजे त्याने दुसरीकडे काहीतरी ठरवलेलं असतं.

आणि आता खोकी... इथे यायच्या आधी मी प्लेनोला एका इंडियन ग्रोसरीत होतो. कुणी आयटीवाला येऊन हळूच "भाऊ, रिकामी खोकी आहेत का?" म्हणाला, की समजायचं. नोकरी गेली, व्हिसा गेला, निघाला. आम्ही काही विचारायचो नाही. लोणच्याची, बिस्किटांची खोकी त्याच्या गाडीत नीट लावून द्यायचो.

कोचला मी चिप्सची आणि इंजिन ऑइलची काढून दिली. त्याने मजबूत बघून घेतली. "पुस्तकं भरायचीत," म्हणाला. मी मनात म्हटलं, पुस्तकंही चालली म्हणजे संपलंच.

तो गेल्या गेल्या मी काकांना सांगितलं. डेल तिथेच होता, त्यालाही सांगितलं. "मी म्हणालो नव्हतो?" डेल कप आपटून म्हणाला. दुपारी गॅस भरायला आलेल्या एका बाईने माझीच बातमी मला ऐकवली, वर "कुणाला सांगू नकोस हं" हेही!

काकांनी मात्र आधी गल्ला बंद केला. मग म्हणाले, "म्हणजे तू जिंकलास. आता तुझं सांग."

शेजारच्या गावात काका दुसरा पंप घेतायत. तो तू चालव म्हणतात, रविवारपर्यंत हो की नाही सांग. मला यातही डाऊट... माझ्यासारख्याला एवढं का देतायत? अडकवून ठेवायला? तिकडे न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरहून माझ्या मित्राचा, बंटीचा फोन, "यार, सोड ते खेडं. इकडे रेस्टॉरंटमध्ये लावतो तुला."

मी काकांच्याच घरी मागच्या खोलीत राहतो. डिसेंबरपासून माझे कपडे बॅगेतच आहेत. काकूंनी दिलेले हँगर अजून प्लास्टिकमध्ये.

कोचच पळतोय तर आपण कशाला थांबायचं... रविवारी बंटीला हो सांगायचं मी ठरवून टाकलं.

शनिवारी टीम पुन्हा हरली. रविवारी सकाळी कोचची गाडी आली. त्याने इंजिन बंद केलं, डिकी उघडली आणि सगळी खोकी बाहेर काढली. घडी घालून, दोरीने बांधलेली. माझ्या काउंटरला टेकवून ठेवली.

"थँक यू. झालं काम. पाण्याच्या टाकीमागे घर घेतलं, सामान लावून झालं."

डेलचा कप तोंडाशीच थांबला. "घर... घेतलं?"

"हो. आज सकाळी लॉनवर पाटीपण आली," कोच म्हणाला. आज तो हसत नव्हता. चेहरा उतरला होता... आणि तो उतरलेला चेहरा बघून मला त्याच्यावर पहिल्यांदा विश्वास बसला.

"बरं झालं," डेल म्हणाला. "आता तू आमचा."

तो गेल्यावर मी त्या खोक्यांकडे बघतच राहिलो. प्लेनोला मी इतक्या लोकांना खोकी दिली, परत आणून देणारा एकही भेटला नव्हता.

"काय रे, हरलास की!" काका म्हणाले.

"काका, त्या पंपाच्या चाव्या कधी देताय?" माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यांनी लगेच हो म्हटलं नाही. डेल कोचकडे बघतो ना, तसं बघितलं माझ्याकडे. "आधी ती बॅग रिकामी कर. तुझी काकू सांगत होती."

संध्याकाळी कपडे लावले. हँगर कमी पडले. काकूंनी आणखी आणून दिले. बंटीला फोन केला, त्याने शिव्या घातल्या...

कोच कामाचा आहे की नाही, याचा मला अजून डाऊटच आहे. टीम काही सुधारलेली नाही. पण कोच, हरलास तरी दुकानात येत जा... आणि गाडी अशीच बंद करून ये.