कासवाचे फोटो

मला लिहिण्याची सवय नाही, पण दाजींबद्दल दुसरं कोणी लिहील असं वाटत नाही. दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. लग्नाचे नि ओळखपत्राचे फोटो काढण्यात त्यांचा जन्म गेला. कुठंतरी चारचौघांत फोटोखाली आपलं नाव झळकावं, एवढीच त्यांची हौस.

स्वतःच्या धाकट्या भावाला फोटो धुवायला त्यांनीच शिकवलं. तो पुढे शिल्पकार झाला. चौकात बसवायचं बसएवढं पोलादी कासव करायचं काम त्याला मिळालं, आणि "फोटो दादाच काढेल, खाली नावही त्याचंच," असं त्यानं काम देणाऱ्या समितीला परस्पर सांगून टाकलं.

"भीक घातली मला," दाजी ताईला म्हणाले.

"अहो, काम दिलंय!"

"तेच ते."

तरी कासव घडत होतं त्या शेडमध्ये रोज हजर. मोठ्या वस्तूशेजारी माणूस उभा केल्याशिवाय तिचा आकार कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. कधी वेल्डर उभा करायचे, कधी पत्रे कापणारा. धाकटा चौकटीत आला की मात्र, "सरक रे, उजेड अडतोय." तो हसून सरकायचा.

क्रेननं कासव चौथऱ्यावर बसवलं, बोल्ट आवळले, टाळ्या पडल्या. मग समितीनं फलकासाठी शिल्पकाराचा काम करतानाचा फोटो मागितला. दाजींच्या स्टुडिओतल्या टेबलावर आम्ही सगळे फोटो पसरले. एकाही फोटोत धाकटा नव्हता. एकात नुसतं कोपर होतं.

"दादा, मी कुठंय?"

"तू मध्ये येत होतास."

"माझ्याच कासवाच्या?"

दाजी फोटो सारखे करत बसले. ताई घाईघाईनं म्हणाली, "उद्या वेल्डिंगचं यंत्र घेऊन कासवावर चढा भाऊजी, हे फोटो काढतील."

"नको वहिनी, खोटं दिसेल." त्यानं कासवाच्या पोटाखाली वाकलेल्या वेल्डरचा फोटो उचलला. "हाच लावू. फार सुरेख आलाय. आणि दादाचं नाव मोठ्या अक्षरांत घालू."

तो मनापासून बोलत होता. दाजींना तेच झोंबलं. तो गेल्यावर म्हणाले, "बघितलंत? इथंही मोठेपणा त्यालाच हवा!" दुसऱ्या दिवशी समितीच्या कार्यालयात जाऊन ते स्वतःचं नाव काढायला सांगून आले.

आता फलकावर वेल्डर आहे, धाकट्याचं नाव आहे. फोटो कोणी काढला, हे लोक विचारतात म्हणे. दाजी बाजाराला मागच्या गल्लीनं जातात. ताई मात्र मुद्दाम चौकातून जाते आणि विचारणाऱ्याला सांगते, "आमच्या ह्यांनी."