लोण्याच्या खोलीतला फोन

कळंब्याच्या पुढे एका खाजगी डेअरीत कामगारांना वायफायवर बोलायचे हँडसेट द्यायचे होते. वायफायच्या पेट्या कुठे आणि किती लावायच्या हे ठरवायला मी हँडसेट कानाला लावून आवारभर फिरत होतो. मोबाइलवरचा व्हिडिओ अडकला तर माणूस वाट बघतो; बोलण्यातलं अर्धं वाक्य गेलं की ते गेलंच. म्हणून चाचणीच्या वेळी मी कुणाला ‘हॅलो, हॅलो’ करू देत नाही. घरचं काहीतरी सांगा, म्हणतो. त्यातला एक शब्द गळला तरी लगेच कळतं.

अडलं ते लोण्याच्या शीतगृहापाशी. जाड पत्र्याच्या भिंती, आत रेंज शून्य. तिथे खोके रचायला एक मावशी एकटीच जायची. दार आतून उघडायची कडी थंडीने कधीमधी अडकायची, म्हणून तर तिला हँडसेट द्यायचा होता. मी आत एक पेटी मागितली.

“आत काय गप्पा मारायला जात्यात व्हय?” मॅनेजर म्हणाले. “दोन मिनिटांचं काम हाय. भायेरच्या पेटीवर भागवा की, पावणं.”

मी मुळातच तापट. म्हटलं, “मग साहेब, तुम्हीच जावा आत. बोलत बोलत जावा. मी दार लावतो.”

जाकीट चढवून, हँडसेट कानाला लावून ते तणतणतच गेले. “आमच्या कोडोलीच्या म्हशीनं काल काय केलं म्हायती हाय का...” मी दार लावलं. “...डॉक्टर... पाव...” आणि मग काहीच नाही. आता मीच हॅलो हॅलो करायला लागलो. मावशी ढकलगाडी धरून शेजारीच उभी होती.

“आतनं दार वाजवलं तर ऐकू येतं का हो?” मी तिला विचारलं.

“न्हाय की.”

मी दाराकडे झेपावलो. कसंबसं दार ओढलं तर साहेब आत कडीलाच धरून उभे. चेहरा उतरलेला. म्हशीचं राहूनच गेलं. आतल्या पेटीला त्यांनी तिथल्या तिथे होकार दिला.

तसल्या थंडीत टिकणारी पेटी मागवायला आठवडा तरी जाणार होता. मी ते त्यांना सांगत होतो, तोवर मावशीने गाडी आत घातलीसुद्धा. साहेबांनी सवयीने दार लोटायला हात उचलला, आणि मग दारात पायच आडवा घातला.

“आवो, दार लावा की!” ती आतून ओरडली. “लोणी पाघळंल सगळं!”

“पाघळू दे,” साहेब म्हणाले.