दिघीच्या मोटारीचा जॉइंट

फकरुद्दीननं मोटारीखाली अंग सरकवलं आणि सरकता सरकता सगळ्या जगाच्या नावानं बोटं मोडली. पुन्हा तोच जॉइंट. इंजिन धडधाकट, ब्रेक ठीक, टायरसुद्धा त्यातल्या त्यात बरे. पण इंजिनाचा जोर मागच्या चाकांना पोचवणारा तो लांब शाफ्ट आणि त्याच्या टोकाचा जॉइंट काही या माणसाला सुखानं घास घेऊ देईना. गिअर टाकला की खट्, चढ लागला की खडखड, आणि मग एक दिवस उतारू खाली उतरून ढकलायला लागलेले. आज तर मोटार अंगणाच्या कुडाबाहेरही नीट पडली नव्हती.

"भाय, ही गाडी न्हाय, रुसलेली नवरी हाय," वाकून बघत धर्माजी म्हणाला. धर्माजी ड्रायव्हर. आधी बैलगाडी हाकायचा, आता मोटार हाकतो, पण बोलणं अजून बैलांच्याच चालीचं.

"तू पाना दे. तोंड नको चालवू."

आता या माणसाचं दुखणं काय ते ऐका. अर्धी जवानी त्यानं आगबोटीच्या इंजिनखोलीत काढलेली. पहिलं मूल जन्मलं नि गेलं, तेव्हा हा एडनच्या पलीकडं. मातीसुद्धा सासऱ्यानं दिली. परत आला तेव्हा तैयबानं, त्याच्या बायकोनं, एवढंच विचारलं होतं, "आता पुन्हा जाणार?" मग सासऱ्यानं, करमअली नाखवानं, आपला मचवा विकला, मुंबईहून ही जुनी सात सीटांची मोटार आणली आणि दिघी ते माणगाव उतारू न्यायला लावली. जावई जमिनीवर राहावा, एवढ्यासाठी म्हाताऱ्यानं समुद्र सोडला. इतकं सगळं त्या मोटारीवर उभं, आणि मोटार त्या एका जॉइंटवर.

बरं, फकरुद्दीन काही हातावर हात धरून बसला नव्हता. तेहतीस सालचा पावसाळा सरल्यापासून त्यानं तो जॉइंट दोनदा नवा केला होता. जॉइंटच्या पोटातला लोखंडी फुलीसारखा क्रॉस, त्याच्या चारी खुंट्या झिजून अंडाकृती झालेल्या. लोहाराकडं बसून त्यानं त्या घडवून, कानशीनं घासून गोल केल्या. आगबोटीच्या मोडक्या पंपाच्या पितळेतून खुंट्यांवर चढवायच्या नळ्या, बुश, काढले. दिव्याची काजळी लावून बुश खुंटीवर फिरवायचा, काजळी पुसली जाईल तिथं घासायचा, पुन्हा फिरवायचा. मग ग्रीस भरून, वर चामड्याची टोपी शिवून, दोरी आवळून बांधायचा. अशी कामं त्यानं साहेबांच्या नजरेखाली केली होती, कुणी नाव ठेवलं नव्हतं. आणि इथं? चार आठवडे नाही गेले की टोपीखाली काळा चिखल नि खुंट्या पुन्हा खाल्लेल्या. दिघीची धूळ, खाडीची वाळू, रस्त्यावरचे खड्डे, सगळ्यांना त्यानं शिव्या घालून झाल्या.

मागच्या खेपेला डोकं फिरलं तेव्हा तो जेवता जेवता तैयबाला म्हणाला होता, "बोटीवरून निरोप आलाय, जागा रिकामी आहे. पुन्हा हा जॉइंट गेला ना, तर मी गेलोच म्हणून समज. माझ्यानं होत नाही." ती ताट उचलून आत गेली होती. आणि आज जॉइंट गेला होता. काल खडखड सुरू झाली तेव्हाच बोटीवर न्यायची पत्र्याची पेटी कौलांखालून काढून त्यानंच पुसून ठेवलेली.

त्यानं दोरी कापली, टोपी सोडवली आणि बोट आत घातलं. बोटाला सकाळीच कापलं होतं. त्या जखमेत असं झोंबलं की त्यानं हात झटकन मागं घेतला. बोटावर पांढरा लगदा. अजून काळा न झालेला, ओलसर. नाकाशी नेला तर मुशी माशाच्या तेलाचा वास.

चुना. मुशीच्या तेलात मळलेला चुना. मचव्याच्या तळाला किडा लागू नये, खारं पाणी शिरू नये म्हणून कोकणातले नाखवे चोपडतात तो. आत बारीक खडे. कानशीला लाजवतील असे.

फकरुद्दीन मोटारीखालून निघाला तो थेट पडवीत. करमअली जाळं विणत बसले होते.

"बावा, हा काय तुमचा मचवा आहे?" त्यानं बोट नाकापुढं धरलं. "मी तिकडं केस केस घासून बुश बसवतो आणि तुम्ही त्यात वाळू भरता? डोकं फोडून घेऊ कुठं?"

म्हाताऱ्यानं बोटाकडं पाहिलं, मग जावयाकडं. "मी गाडीखाली वाकू शकतो का, फकरू? गुडघे बघ माझे." आणि जाळ्याचा दोरा ओढत, "चुना मळायचं काम माझ्या घरात मी कधी केलं नाही. ते बायकांचं."

फकरुद्दीन मागल्या दारी गेला. तैयबा ओढणीच्या पदरात हात गुंडाळून चुलीपुढं बसली होती. गेले कित्येक दिवस ती अशीच हात झाकून वाढायची. रुसलीय, असं यानं धरलं होतं. त्यानं पदर ओढला. चुन्यानं तळहात भाजलेले, बोटांच्या बेचक्यांत कातडी सोललेली.

"अगं, मला एकदा विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर हसला असता," ती म्हणाली. "बावांच्या मचव्याला मी मळलेला चुना होता. एकदाही पाणी आत आलं नाही. मला वाटलं, त्या जॉइंटला खारी हवा लागते, म्हणून तुटतो." मग तिनं मान वर केली. "आज पुन्हा तुटला. पेटी दाराशी आहे. मी भरून ठेवलीय."

त्याचा राग अजून गेला नव्हता. गेलाच नव्हता, खरं सांगायचं तर. एवढी मेहनत, एवढं पितळ, एवढ्या रात्री, सगळं मातीत. वर हिचे हात. त्यानं फडताळातून खोबरेलाची बाटली काढली, तिच्यापुढं मांडी घातली आणि तेल चोळायला लागला. जोरानंच चोळलं असेल, कारण तिनं हात आखडून घेतला.

"मग?" ती म्हणाली. "जाणार?"

"जाऊ कसा?" फकरुद्दीन खेकसला. "मी एडनला पोचेपर्यंत तुम्ही बापलेक त्या मोटारीला शीड लावाल." आणि तो तिचा दुसरा हात धरून, आता जरा हळू, तेल लावत बसला.