वावरापर्यंत

धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटेवर शिरपूरकडचे एक आबा होते. दोघांचंही पोटाचं ऑपरेशन झालेलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी सुटून दूध-ब्रेड सुरू झाला आणि दोघांचंही पोट अडून बसलं. ते साफ झाल्याशिवाय डॉक्टर घरी सोडेनात. टाके उसवतील या भीतीने मी खाटेवरून हलत नसे.

आबा मात्र उजाडताच कानाला उपरणं गुंडाळायचे, टमरेल भरून घ्यायचे आणि एका हाताने पोट धरून व्हरांड्यात येरझाऱ्या घालायचे. संडास तर खाटेच्या जवळच होता. मी विचारलं, तेव्हा म्हणाले, "भाऊ, जलमभर वावरमा गऊ. इतलं जवय जाईसन पोटले कसं समजी?" शेतापर्यंतची चाल झाल्याशिवाय त्यांच्या पोटाला ते कळणारच नव्हतं.

सिस्टर हसायच्या, आबा चालतच राहायचे.

एका सकाळी ते रिकामं टमरेल हलवत परतले. कापूस घरात आल्यासारखा चेहरा. टमरेल पुन्हा भरून त्यांनी माझ्या हातात दिलं.

"आते तुमना नंबर."

मी टाक्यांवर हात दाबून उठलो. व्हरांड्याच्या टोकाला पोचलो आणि हुश्श करून वळलो, तर खाटेवरून आवाज आला, "आजून दूर शे वावर!"

मी पुन्हा फिरलो.